पांढरा कोंबडा, काळा पँथर

१

माझ्या खोलीच्या भिंतीवर गेली कित्येक वर्षे एक चित्र आहे. झेपेच्या पवित्र्यातला काळा पँथर. कागद पिवळा पडला आहे, कोपरे झिजले आहेत. पण घर बदलताना प्रत्येक वेळी मी ते जपून नेले. मध्यंतरी अभ्यासवर्गाला येणाऱ्या एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, हे जनावर आपल्याकडे आलं कुठून?" मी तत्काळ उत्तर दिले : ओकलंडहून. कॅलिफोर्निया, १९६६. ह्यूई न्यूटन, बॉबी सील. काळी जाकिटे, तिरप्या टोप्या, खांद्यावर बंदुका. त्याने ते वहीत उतरवून घेतले.

उत्तर चूक नव्हते, पण अर्धे होते. वहीत उतरलेले अर्धे उत्तर पुढच्या पिढीत पूर्ण सत्य म्हणून वावरते, म्हणून त्याची दुरुस्ती छापून करणे मला भाग आहे. हा पँथर आधी बंदुकीजवळ नव्हता. तो आधी मतपत्रिकेवर होता. अलाबामा राज्यातील लाउन्ड्स नावाच्या एका दरिद्री काउंटीत, कापसाच्या शेतांत राबणाऱ्या, पुष्कळशा निरक्षर माणसांनी आपल्या पक्षाची निवडणूक-निशाणी म्हणून तो निवडला होता. ओकलंडच्या तरुणांनी तो तिथून घेतला, आणि १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा तो आपल्यापर्यंत आला.

मग निशाणी गळून बंदूक तेवढी आपल्यापर्यंत का पोचली? मधल्या वाटेवर हे चित्र कोणी पुन्हा रेखाटले? आपण कथा-कवितेची समीक्षा करतो, तिच्यातली प्रस्थापितांची नजर उघडी पाडतो. पण ज्या प्रतिमांवर आपण स्वतः वाढलो, त्यांची समीक्षा करायला आपण कचरतो. ती मी येथे करू पाहतो. ती करताना अमेरिकेतील मतदान, मताचा हक्क आणि प्रसारमाध्यमे या तिन्ही गोष्टींत शिरावे लागेल, कारण या चित्राचा जन्मच तेथे झाला आहे.

२

अमेरिकेच्या लोकशाहीचे गोडवे गाणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांनी एक आकडा पाठ करावा. गुलामगिरी संपल्यावर १८७० साली पंधरावी घटनादुरुस्ती झाली आणि वर्णावरून मताचा हक्क नाकारता येणार नाही असे कागदावर लिहिले गेले. लुइझियाना राज्यात १८९६ साली १ लाख ३० हजारांवर कृष्णवर्णीय मतदार नोंदलेले होते. १९०४ साली उरले १,३४२. आठ वर्षांत ही माणसे मेली नव्हती, की राज्य सोडून गेली नव्हती. त्यांना यादीबाहेर काढले होते.

कसे काढले? "काळ्यांनी मत देऊ नये" असे एकाही कायद्यात लिहिले नव्हते. हे आपण नीट लक्षात ठेवले पाहिजे, कारण 'तुम्ही अस्पृश्य आहात म्हणून' असे न म्हणता पाणी कसे नाकारले जाते हे आपल्याला कोणी शिकवायला नको. तिथे मतदान-कर बसवला, साक्षरतेची परीक्षा ठेवली. नोंदणी अधिकाऱ्याने राज्यघटनेतील एखादे कलम काढून द्यायचे, अर्जदाराने ते लिहायचे, त्याचा अर्थ सांगायचा. अर्थ बरोबर की चूक हे अधिकाऱ्यानेच ठरवायचे. गोरा अंगठेबहाद्दर उत्तीर्ण होई, काळा पदवीधर नापास.

फॅनी लू हेमर या बाईचे उदाहरण घ्या. मिसिसिपी राज्यात कापसाच्या मळ्यावर वाट्याने राबणारी, आईबापांच्या वीस लेकरांतले शेवटचे लेकरू. ३१ ऑगस्ट १९६२ रोजी ती इतर सतरा जणांबरोबर बसने इंडियनोला गावी नाव नोंदवायला गेली. परीक्षेत नापास झाली. परतताना पोलिसांनी बस अडवली. बसचा रंग चुकीचा आहे म्हणून चालकाला दंड झाला. घरी पोचली तेव्हा मळ्याचा मालक निरोप घेऊन हजर : अर्ज मागे घे, नाही तर जागा सोड. अठरा वर्षे राबलेली जागा तिने त्याच रात्री सोडली. पुढल्या वर्षी विनोना गावच्या तुरुंगात तिला इतके मारले की ते दुखणे जन्मभर राहिले.

गावचा पाटील महारवाड्याला कामावरून काढतो, दुकानदार मीठ-मिरची बंद करतो, आणि गाव म्हणते, 'आम्ही कुठे काय केलं?' – हा प्रकार आपल्या वाचकांना परका नाही. तिथला नोंदणी अधिकारी, पोलीस आणि मळेवाला ही तीन माणसे दिसतात, यंत्र एकच.

३

आता माध्यमांकडे वळू. प्रसारमाध्यमांनी अमेरिकन काळ्यांच्या लढ्याला बळ दिले असे सर्रास म्हटले जाते, आणि त्यात तथ्य आहे. ते नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण बळ केव्हा दिले, कोणत्या अटीवर दिले, हे विचारले पाहिजे.

२२ ऑगस्ट १९६४. अटलांटिक सिटी येथे डेमोक्रॅटिक पक्षाचे अधिवेशन. मिसिसिपीचे अधिकृत प्रतिनिधिमंडळ केवळ गोऱ्यांचे. त्याला आव्हान देण्यासाठी 'मिसिसिपी फ्रीडम डेमोक्रॅटिक पार्टी' उभी राहिली होती, आणि तिच्या वतीने हेमरबाई समितीपुढे साक्ष द्यायला बसल्या. दूरचित्रवाणीवर थेट प्रक्षेपण सुरू होते. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी घाईघाईने पत्रकारांना बोलावले. राष्ट्राध्यक्ष बोलणार म्हटल्यावर कॅमेरे हेमरबाईंना अर्ध्यावर सोडून तिकडे धावले. जॉन्सन यांनी सांगण्यासारखे काहीच सांगितले नाही. बाईंचा आवाज बंद पाडणे एवढेच काम होते. ते साधले नाही हा भाग वेगळा : त्याच संध्याकाळी वाहिन्यांनी तिची साक्ष पुन्हा दाखवली आणि घराघरांत ती ऐकली गेली.

पण पुढे काय झाले? देश हेलावला, आणि पक्षाने देऊ केल्या दोन जागा. त्याही मिसिसिपीच्या म्हणून नव्हेत, उपऱ्यासारख्या. हेमरबाईंच्या मंडळींनी त्या झिडकारल्या. जखम दाखवल्यावर अश्रू मिळाले. जागा मागितल्यावर दोन खुर्च्या.

दुसरा प्रसंग ७ मार्च १९६५ चा. अलाबामातील सेल्मा येथे मताच्या हक्कासाठी निघालेल्या सुमारे सहाशे लोकांना एडमंड पेटस पुलापलीकडे घोडेस्वार आणि शिपायांनी झोडपले, अश्रुधूर सोडला. त्या रात्री एबीसी वाहिनीवर 'जजमेंट ॲट न्यूरेंबर्ग' हा नाझी गुन्ह्यांच्या खटल्यावरील चित्रपट चालू होता. तो मध्येच थांबवून पुलावरची दृश्ये दाखवली गेली. दिवाणखान्यात बसून जर्मनांच्या पापाचा निवाडा पाहणाऱ्या कोट्यवधी अमेरिकनांपुढे त्यांचे स्वतःचे पाप येऊन उभे राहिले. आठ दिवसांनी, १५ मार्चला, जॉन्सन यांनी संसदेपुढे मताधिकाराच्या कायद्याची मागणी केली. ६ ऑगस्ट १९६५ रोजी कायदा झाला. जिथे अन्यायाचा इतिहास होता त्या राज्यांत साक्षरतेच्या परीक्षा बंद झाल्या, केंद्राचे अधिकारी नाव नोंदवायला आले, आणि मतदानाचे नियम बदलण्यापूर्वी केंद्राची परवानगी घेणे त्या राज्यांना बंधनकारक झाले. मिसिसिपीत पात्र काळ्यांपैकी नोंदलेले जेमतेम ६.७ टक्के होते. १९६७ पर्यंत ते ५९.८ टक्के झाले.

म्हणजे कॅमेऱ्याने काम केले. मी ते मान्य करतो. तरी त्याची अट पाहा. पुलावरचा माणूस मार खात होता, हात उगारत नव्हता, आणि दिवसभराच्या बातमीत मावेल अशा एका ठिकाणी मार खात होता. मळ्यावरून रातोरात निघालेल्या कुटुंबाचे दृश्य कोण टिपणार? नोंदणी कचेरीच्या दाराशी दिवसभर उभे राहून परतलेल्या म्हातारीचे चित्र कुठे आहे? हक्क नाकारला जातो तो बहुतेक वेळा शांतपणे, टेबलामागे बसून, शाईच्या पेनाने. माध्यमांना त्याची बातमी करता येत नाही, किंवा करायची नसते.

४

सेल्माहून माँटगोमेरीकडे जाणारा रस्ता लाउन्ड्स काउंटीतून जातो. मार्च १९६५ मधल्या मोर्चाबरोबर कॅमेरेही त्या रस्त्याने गेले. या काउंटीत दर पाच माणसांत चार काळी होती, आणि त्या वर्षाच्या आरंभी मतदार यादीत एकाही काळ्याचे नाव नव्हते. एकाचेही नाही. उलट यादीत नोंदलेले गोरे पात्र गोऱ्यांच्या संख्येपेक्षा अधिक होते. मेलेले आणि गाव सोडून गेलेले गोरेही मतदार होते! मोर्चा संपला त्याच दिवशी, २५ मार्चला, मोर्चेकऱ्यांना गाडीतून पोचवणाऱ्या व्हायोला लिउझो या गोऱ्या बाईची याच काउंटीत क्लॅनच्या माणसांनी गोळ्या घालून हत्या केली. बातमी झाली, आणि कॅमेरे निघून गेले.

कॅमेरे गेल्यावर जे घडले तेच मला महत्त्वाचे वाटते. स्टोकली कारमायकेल आणि विद्यार्थी समन्वय समितीचे त्याचे सोबती तिथेच राहिले. जॉन ह्युलेट यांच्यासारखी स्थानिक माणसे पुढे होतीच. नाव नोंदवले म्हणून मळ्यांवरून हाकललेल्या कुटुंबांनी हमरस्त्याच्या कडेला तंबू ठोकले आणि तिथे दिवस काढले. लोक एकमेकांना विचारू लागले : नाव नोंदवले, आता मत कोणाला द्यायचे? अलाबामाच्या डेमोक्रॅटिक पक्षाला? त्या पक्षाची मतपत्रिकेवरील निशाणी होती पांढरा कोंबडा, आणि त्याच्याजवळ शब्द छापलेले असत – गोऱ्यांचे वर्चस्व. ते शब्द १९६६ च्या आरंभी पक्षाने काढून टाकले. कोंबडा राहिला.

म्हणून त्यांनी स्वतःची संघटना काढली : लाउन्ड्स काउंटी फ्रीडम ऑर्गनायझेशन. निशाणी हवीच होती, कारण कित्येकांना वाचता येत नव्हते. निशाणी ठरली काळा पँथर. ह्युलेट यांनी त्याचा अर्थ सांगितला तो असा की हे जनावर आपणहून अंगावर जात नाही. मागे मागे सरते. पण कोपऱ्यात कोंडले की उसळते. कार्यकर्त्यांनी चित्रपुस्तिका काढल्या : शेरीफ म्हणजे काय, त्याचे काम काय, कर आकारणारा अधिकारी तुमच्या जमिनीचे काय करू शकतो, शाळामंडळ काय ठरवते. साध्या रेषांतली चित्रे, साधे शब्द. अमेरिकन निवडणुकीवर छापले गेलेले इतके प्रामाणिक वाङ्मय मला दुसरे माहीत नाही. मत कोणाला द्या, एवढेच त्यात सांगितले नव्हते. सत्ता कशी चालते हे सांगितले होते.

३ मे १९६६ रोजी हेनव्हिल येथे चर्चजवळ सुमारे नऊशे माणसांनी आपले उमेदवार निवडले. ८ नोव्हेंबरला निवडणूक झाली, आणि पँथरचे सातही उमेदवार पडले. धमक्या होत्या, आणि मळेवाल्यांनी आपल्या कुळांना गाड्यांत घालून आणून कोंबड्याला मते द्यायला लावली होती. पण चार वर्षांनी, १९७० साली, ज्या काउंटीत एकही काळा मतदार नव्हता तिथे जॉन ह्युलेट शेरीफ म्हणून निवडून आले.

वृत्तपत्रांनी या संघटनेला तिच्या नावाने हाक मारली नाही. तिला त्यांनी नाव दिले 'ब्लॅक पँथर पार्टी'. कारमायकेलने १९६६ च्याच ऑक्टोबरात बर्कलेच्या भाषणात हा प्रश्न उभा केला होता : आमच्या संघटनेला तिच्या निशाणीवरून नाव ठेवता, मग अलाबामाच्या डेमोक्रॅटिक पक्षाला पांढऱ्या कोंबड्याचा पक्ष का म्हणत नाही? या प्रश्नाला उत्तर नव्हते आणि नाही. कोंबड्याची हिंसा शंभर वर्षांची, पण तो 'पक्ष'. पँथरने एक माणूस मारला नव्हता, पण तो 'धोका'. मार खाणारा काळा माणूस गोऱ्या वर्तमानपत्राला सहन होत होता. स्वतःचा उमेदवार उभा करणारा काळा माणूस सहन झाला नाही.

त्याच ऑक्टोबरात ओकलंडमध्ये न्यूटन आणि सील यांनी ते चित्र उचलले. त्यांचा मार्ग वेगळा होता, तो मी कमी लेखत नाही. शस्त्र बाळगण्याचा कायदेशीर हक्क त्यांनी पोलिसी जुलमापुढे उभा केला. पण त्यांनीही १९६९ पासून मुलांना सकाळची न्याहारी दिली, आणि १९७३ साली बॉबी सील ओकलंडच्या महापौरपदाला उभे राहून दुसऱ्या फेरीपर्यंत गेले. न्याहारी आणि महापौरपदाची छायाचित्रे आपल्याकडे कोणी पाहिली? आपल्यापर्यंत परदेशी साप्ताहिकांतून बंदूकच आली, आणि आम्ही तीच भिंतीवर लावली.

५

येथे मला विद्वानांचाही समाचार घेतला पाहिजे, कारण मतदारांच्या वर्तनावरचे त्यांचे ग्रंथ आपल्या विद्यापीठांतही शिकवले जातात.

पॉल लाझार्सफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४० च्या निवडणुकीत ओहायोतील ईरी काउंटीत मतदारांना महिनोन्‌महिने पुनःपुन्हा प्रश्न विचारले. १९४४ साली ग्रंथ आला, 'द पीपल्स चॉइस'. निष्कर्ष असा की वृत्तपत्र-रेडिओ लोकांचे मत सहसा बदलत नाहीत, असलेले मत पक्के करतात. आणि प्रभाव पडतो तो बहुधा आसपासच्या जाणत्या माणसांमार्फत. १९६० साली मिशिगनच्या अभ्यासकांचा 'द अमेरिकन व्होटर' आला. त्याने पक्षनिष्ठा घरातून कशी येते ते सांगितले. १९७२ साली मॅकॉम्ब्स आणि शॉ यांनी दाखवले की कोणता प्रश्न महत्त्वाचा, हे माध्यमे ठरवतात. हे सारे परिश्रमाने केलेले काम आहे आणि त्यातून शिकण्यासारखे आहे.

माझा आक्षेप वेगळा आहे. या परंपरेचा मूळ प्रश्नच असा की मतदार मत कसे ठरवतो. त्या प्रश्नात मतदार आधीच खोलीत येऊन बसलेला आहे. दाराबाहेर कोण उभे आहे, दार कोणी लावले, हा प्रश्न मागे पडतो. जो मत देत नाही त्याला 'उदासीन' असे लेबल लागते. १९६० साली हेमरबाई आकडेवारीत कोठे होत्या? मत न देणाऱ्यांत. उदासीन! व्ही. ओ. की यांच्यासारख्या काहींनी १९४९ सालीच दक्षिणेतले हे दार न्याहाळले होते. पण मुख्य प्रवाह मतदाराच्या मनात डोकावत राहिला.

माझ्या मते माध्यमांचे सर्वांत मोठे काम मत फिरवणे हे नाही. 'मतदार' म्हटल्यावर डोळ्यांपुढे कोणाचा चेहरा येतो, हे ते ठरवतात. १९१५ सालचा 'द बर्थ ऑफ अ नेशन' हा चित्रपट पाहा. गुलामगिरीनंतर निवडून आलेले काळे प्रतिनिधी त्यात विदूषक आणि पशू म्हणून रंगवले आहेत, आणि क्लॅन तारणहार म्हणून. तो व्हाइट हाउसमध्ये दाखवला गेला. पडद्यावर काळा मतदार हास्यास्पद आणि भयंकर ठरला की यादीतून त्याचे नाव कापणारा अधिकारी गुन्हेगार वाटत नाही. व्यवस्था राखणारा वाटतो.

त्या वर्षी बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. त्याच विद्यापीठात विल्यम डनिंग हे इतिहासकार होते, ज्यांच्या परंपरेने काळ्यांना मत देणे ही चूकच होती असा इतिहास लिहिला. म्हणजे चित्रपटगृह आणि वर्गखोली एकच गोष्ट सांगत होती. डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांनी १९३५ साली 'ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन' लिहून या इतिहासाचा समाचार घेतला; शेवटचे प्रकरण इतिहासाच्या नावाने चाललेल्या प्रचारावरच आहे. १९४६ साली बाबासाहेबांनी याच डुबॉइस यांना पत्र लिहिले, अमेरिकन निग्रोंनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली, आणि डुबॉइस यांचे उत्तरही आले. दोन समाजांचे नाते पँथरच्या आधीपासूनचे आहे आणि ते कागदपत्रांचे, हक्काचे नाते आहे.

६

हे जुने झाले, असे कोणी म्हणेल. जुने झालेले नाही. २५ जून २०१३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी १९६५ च्या कायद्यातील ते सूत्रच रद्द केले, ज्यावरून कोणत्या राज्यांनी आधी परवानगी घ्यायची हे ठरत असे. खटला अलाबामातल्याच शेल्बी काउंटीचा होता. काळ बदलला आहे, असे कारण दिले गेले. न्यायमूर्ती रूथ गिन्सबर्ग यांनी विरोधी निकालपत्रात म्हटले त्याचा आशय असा की पावसात आपण भिजत नाही म्हणून छत्री फेकून देण्यासारखे हे आहे. निकालानंतर काही तासांतच टेक्सासने छायाचित्र-ओळखपत्राचा अडवलेला कायदा पुढे रेटला. अलाबामाने मतदानासाठी असे ओळखपत्र सक्तीचे केले, आणि २०१५ साली वाहन-परवाने देणारी ३१ कार्यालये बंद करण्याचे जाहीर केले. त्यांत काळ्यांची वस्ती अधिक असलेल्या काउंट्या होत्या. ओरड झाल्यावर काही कार्यालये महिन्यातून एखादा दिवस उघडली. फ्लोरिडात २०१८ साली जनतेने सुमारे ६४ टक्के मतांनी शिक्षा भोगून आलेल्या माणसांना मताचा हक्क परत दिला. २०१९ साली विधिमंडळाने अट घातली की आधी दंड आणि न्यायालयाची सारी देणी फेडा. मतदान-कर मेला म्हणतात. मला तो नाव बदलून हिंडताना दिसतो.

आणि माध्यमे? २०१६ च्या निवडणुकीत रशियातून समाजमाध्यमांवर चाललेल्या प्रचाराची चौकशी सिनेटच्या समितीने केली. २०१९ च्या तिच्या अहवालात म्हटले आहे की त्या प्रचाराने सर्वांत जास्त लक्ष्य केले ते कृष्णवर्णीय अमेरिकनांना. त्यात एक सूर असा होता : मत देऊन काय होणार, घरी बसा. ब्रिटनच्या चॅनेल फोरने २०२० साली असे उघड केले की ट्रम्प यांच्या २०१६ च्या प्रचारयंत्रणेने मतदारांची जी वर्गवारी केली होती तिच्यात 'परावृत्त करणे' अशा नावाचा एक गट होता, आणि त्यात ३५ लाख काळी माणसे होती. लाझार्सफेल्ड यांना प्रश्न होता माध्यम मत बदलते का. येथे मत बदलायचेच नव्हते. माणूस दारापर्यंत येऊ नये, एवढेच हवे होते. पूर्वी त्यासाठी मळेवाला लागे. आता खिशातला फोन पुरतो.

२०२० ची निवडणूक चोरली गेली, ही आवई उठली तेव्हा बोट कुठे दाखवले गेले? डेट्रॉइट, फिलाडेल्फिया, अटलांटा. काळ्यांची मोठी वस्ती असलेली शहरे. मतदान यंत्रांविषयी खोटे प्रसारित केल्याच्या दाव्यात फॉक्स न्यूजने २०२३ साली ७८ कोटी ७५ लाख डॉलर देऊन तडजोड केली. कंपनीला भरपाई मिळाली. ज्यांच्या मताला चोरीचा माल म्हटले, त्यांना काय मिळाले?

७

आता आपल्याविषयी. माझी आई निरक्षर होती. पहिल्या निवडणुकीत, १९५१-५२ साली, प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे आणि निशाणी पेटीवर चिकटवलेली असे. शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनची निशाणी हत्ती. आई सांगे, "मी हत्तीच्या पेटीत टाकलं, आन् हात लावून बघितलं." मतदान चावडीत होते, जिच्या पायरीवर आमच्या माणसांनी कधी पाय ठेवला नव्हता, त्या चावडीत. तिला नाव नोंदवायला कुठे जावे लागले नाही, घटनेतल्या कलमाचा अर्थ सांगावा लागला नाही. सरकारचा माणूस घरोघर येऊन नाव लिहून घेऊन गेला. हे आपोआप घडले नाही. १९१९ साली साउथबरो समितीपुढे, मग सायमन कमिशनपुढे बाबासाहेब मताच्या हक्कासाठी भांडले होते. घटनेचे ३२६ वे कलम त्या भांडणाचे फळ आहे. पण आपले दारही सताड उघडे नव्हते : पहिल्या याद्यांतून सुमारे २८ लाख बायकांची नावे गाळावी लागली, कारण त्यांची नोंद 'अमक्याची बायको', 'तमक्याची मुलगी' अशी झाली होती.

आईचा हत्ती आणि लाउन्ड्सचा पँथर ही एकाच जातीची जनावरे आहेत. वाचता न येणाऱ्या माणसाने सत्तेच्या कागदावर केलेली ती खूण आहे. हे मला फार उशिरा कळले. तरुणपणी आम्ही मताला हसत होतो. मत म्हणजे दारूची बाटली, मत म्हणजे पुढाऱ्याची दलाली. ते सारे खोटे नव्हते. जानेवारी १९७४ मध्ये दक्षिण-मध्य मुंबईच्या पोटनिवडणुकीवर दलित पँथरने बहिष्कार पुकारला, तोही मताचाच वापर होता : आमची मते गृहीत धरू नका, हे सांगण्याचा. काँग्रेसचा उमेदवार पडला. पण आज त्या घटनेचे नाव काय आहे? 'वरळीची दंगल'. बहिष्कार विस्मरणात गेला, दंगल राहिली. लाउन्ड्सच्या संघटनेचे नाव पुसून वृत्तपत्रांनी तिला जनावराचे नाव दिले, त्यातलाच हा प्रकार. आपला राजकीय निर्णय त्यांच्या लेखणीत शिरला की त्याचा दंगा होतो.

म्हणून कार्यकर्त्यांना आणि शिक्षकांना माझे सांगणे आहे. निवडणुकीच्या काळात कोण काय म्हणाला हे वाचण्याआधी आपल्या वस्तीची मतदार यादी वाचा. कोणाचे नाव गेले ते दारोदार विचारा. आपली बातमी छापून आली की आनंदून जाऊ नका. आपण मार खाल्ला म्हणून आली की आपण मागणी केली म्हणून आली, ते पाहा. आणि लाउन्ड्सच्या चित्रपुस्तिकांसारख्या पुस्तिका काढा : ग्रामसेवक काय करतो, तलाठ्याच्या वहीत काय असते, पंचायतीचा पैसा कुठून येतो. आमच्या पिढीने कविता पुष्कळ लिहिल्या आणि त्या लिहायलाच हव्या होत्या. या पुस्तिका मात्र आम्ही लिहिल्या नाहीत.

त्या विद्यार्थ्याला मी पुन्हा बोलावून घेतले. वहीतली ओळ खोडू नकोस म्हणालो. तिच्या वर एक ओळ लिही : हेनव्हिल, लाउन्ड्स काउंटी, अलाबामा, ३ मे १९६६. त्याने लिहिली, आणि विचारले, "सर, तिथल्या लोकांना पँथर वाचता येत नव्हता, तरी ओळखता येत होता ना?"

होय. आणि कोंबडाही.